ॲनिमेशन मालिकांतील समलिंगी प्रेमकथांची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा (१९९२ ते २०२०)

प्रस्तावना
दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिका मुलांसाठीच असतात, या समजुतीमुळे त्यांतील प्रेमप्रसंगांवर वाहिन्यांचे नियंत्रण कडक राहिले. समलिंगी प्रेम तर दीर्घकाळ वगळण्याजोगाच मजकूर मानले गेले. अशा परिस्थितीत या प्रेमकथा पडद्यावर कशा टिकल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात जपान व अमेरिकेतील चार मालिकांच्या आधारे केला आहे.

भाषांतरातील लोप
जपानच्या तोएई ॲनिमेशनच्या 'सेलर मून' (१९९२-९७) या मालिकेत खलपक्षातील कुंझाइट व झोइसाइट हे दोन पुरुष परस्परांवर प्रेम करतात. १९९५ च्या उत्तर अमेरिकी इंग्रजी आवृत्तीत झोइसाइटला स्त्री करण्यात आले. तिसऱ्या पर्वातील हारुका व मिचिरु या प्रेयसींना २००० सालच्या इंग्रजी आवृत्तीने नात्यातील बहिणी ठरविले. चित्रांतील जवळीक बरीचशी तशीच राहिली. बदलले ते संवाद. नात्याचे नाव बदलूनही लढ्याची मुख्य कथा अबाधित राहत होती, म्हणूनच हा फेरफार शक्य झाला.

अखेरच्या क्षणातील सूचन
निकेलोडियनच्या 'द लेजंड ऑफ कोरा' या मालिकेचा शेवटचा भाग १९ डिसेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्यात कोरा व आसामी या दोघी हातात हात घेऊन आत्मिक जगात प्रवेश करतात आणि कथा संपते. हे प्रेमच होय, असा खुलासा मायकेल डिमार्टिनो व ब्रायन कोनिएत्स्को या निर्मात्यांना तीन दिवसांनी स्वतंत्रपणे करावा लागला. वाहिनीचा पाठिंबा होता, तथापि त्याला मर्यादा होती, असेही कोनिएत्स्को यांनी नमूद केले. सूचनामुळे प्रेम पडद्यावर आले. परंतु ते नाकारण्याची वाटही मोकळी राहिली.

कथेच्या गाभ्यातील स्थान
रिबेका शुगर यांच्या 'स्टीव्हन युनिव्हर्स' या कार्टून नेटवर्कवरील मालिकेने ही वाट बंद केली. गार्नेट हे प्रमुख पात्र म्हणजे रूबी व सफायर यांच्या प्रेमातून साकारलेले एकरूप व्यक्तिमत्त्व होय, हे २०१५ मध्ये उघड झाले. हे प्रेम वगळले तर गार्नेटच उरत नाही. पुढे मालिकेचे मध्यवर्ती रहस्य उलगडताच दोघी दुरावतात, पुन्हा एकत्र येतात आणि जुलै २०१८ मध्ये त्यांचा विवाह होतो. म्हणजेच विवाहदेखील मुख्य कथानकाचेच फलित ठरतो. नेटफ्लिक्सवरील 'शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर' (२०१८-२०) ही मालिका याच मार्गाने गेली. मृत्यूच्या दारात असलेल्या अडोराला कॅट्राच्या प्रेमाची कबुली बळ देते आणि त्यातूनच जगाचे रक्षण होते.

समारोप
या इतिहासाकडे केवळ वाढत्या मोकळेपणाचा आलेख म्हणून पाहणे अपुरे ठरेल. नियंत्रणाला तोंड देताना लेखकांनी प्रेमाचे कथेतील स्थान बदलले, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. कडेला असलेले प्रेम संवाद बदलून पुसता आले. गाभ्यातील प्रेम पुसायचे तर कथाच मोडावी लागते. अर्थात, मालिका दाखवायचीच नाही हा अधिकार वाहिनीकडे राहतोच. तरीही जे मूल ती पाहते, त्याच्यापर्यंत हे प्रेम दुसऱ्या नात्याचे नाव घेऊन नव्हे, तर स्वतःच्या नावाने पोहोचते. या वाटचालीचे खरे मोल त्यातच आहे.