मका नेला, चुना विसरले

मक्याची भाकर थापताना चिरा पडतात, मेक्सिकोतली तोर्तिया मात्र दुमडली तरी मोडत नाही. कारण चुना, आपण पानाला लावतो तोच. तिकडं हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालपटं धुऊन काढतात, मग दगडावर वाटतात. 1492 नंतर स्पॅनिश लोकांनी बियाणं उचललं, तिथल्या बायकांची रीत सोडली. इटली-स्पेनमधली गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगली अन् पेलाग्रानं कित्येक मेली. कातडी सोलायची, जुलाब, शेवटी वेड. 1735 साली कासाल नावाच्या स्पॅनिश डॉक्टरानं हा रोग नोंदवला. मक्यातलं नायसिन चुन्याशिवाय अंगी लागत नाही, हे कळायला विसावं शतक उजाडलं. मेक्सिकोतल्या बायका तोवर रोज चुना घालतच होत्या.