लंडनमधील एक दिवस आणि नगरचा किल्ला

राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातील लहानसे गाव. येथील पाणलोटाची कामे पाहावयास देशोदेशींचे पाहुणे येऊन गेले. मग येथील एखाद्या विद्यार्थ्याने परदेशी जाऊन तेथील स्थळे पाहिली, तर त्यात नवल ते काय? आपल्या ज्ञातीतील एक होतकरू तरुण उच्च शिक्षणासाठी लंडनास गेला असून, सुट्टीच्या एका दिवशी केलेल्या स्थलदर्शनाचे दीर्घ पत्र त्याने आम्हांस धाडले आहे. त्यातील थंडीचे व रेल्वेचे वर्णन आम्ही गाळतो. इतिहासाचा भाग तेवढा ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो.

सकाळी तो सेंट पॉलच्या मंदिरात गेला. जुने मंदिर 1666 च्या आगीत भस्मसात झाल्यावर ख्रिस्तोफर रेन या स्थपतीने हे नवे उभारले. (लंडन जळत होते तेव्हा शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यास महिनाही झाला नव्हता. सन 1666 म्हटले की इंग्रज मुलास आग आठवते, आपल्या मुलास पेटारे आठवतात!) या मंदिराच्या तळघरात नेल्सन व वेलिंग्टन या दोन सेनानींच्या समाध्या आहेत. वेलिंग्टन 1852 मध्ये वारला. वॉटर्लू येथे नेपोलियनचा पाडाव करणारा वीर, एवढीच त्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यास होती.

तेथून तो व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयात गेला. मराठी माणूस ज्यांसाठी तेथे जातो, ती वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली व प्रथम साताऱ्यास मांडली गेली. ती महाराजांचीच होत, असे खुद्द ते संग्रहालयही निश्चयाने सांगत नाही. त्यांच्या पेटीवरील लेखात तर अफजलखानास मोगलांचा सेनापती म्हटले आहे! विजापूरच्या सरदारास मोगल ठरविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही बाकावर उभे केले असते.

दुपारी हाइड पार्कच्या कोपऱ्यावरील अॅप्सली हाऊस या वेलिंग्टनच्या वाड्यात तो पोहोचला. जिन्यापाशीच नेपोलियनचा भव्य संगमरवरी पुतळा आहे. जिंकलेल्या शत्रूस आपल्या घरात उभे करण्याची ही हौस चमत्कारिकच. परंतु आपल्या विद्यार्थ्याचे पाय खिळले ते भांड्यांच्या दालनात. तेथे सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भोजनपात्रांचा संच असून त्याचे नाव ‘दख्खन’ असे आहे. दख्खनच्या मोहिमेत हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीस तो अर्पण केला. “ही दख्खन म्हणजे आपलीच की!” असे त्याने पत्रात लिहिले आहे.

आपलीच, हे खरे. वेलिंग्टन हा पदवी मिळण्यापूर्वी आर्थर वेलस्ली होता, आणि 1803 च्या मोहिमेचा त्याचा पहिला घाव पडला तो आपल्या नगरवर (आता अहिल्यानगर). किल्ला दौलतराव शिंद्यांचा होता. 8 ऑगस्ट रोजी इंग्रजांनी शिड्या लावून पेठेचा तट घेतला; दहाव्या तारखेस तोफा किल्ल्याकडे वळल्या, आणि बाराव्या तारखेस किल्लेदार सुमारे 1400 शिपायांसह बाहेर पडला. याच नगरच्या संरक्षणार्थ 1595–96 मध्ये चांदबिबी मोगलांशी झुंजली होती. 1759 मध्ये पेशव्यांनी हा किल्ला तलवारीने नव्हे, तर निजामाच्या किल्लेदारास द्रव्य देऊन मिळविला. दगडी तट तोच, खंदकही तोच. आत उभा राहणारा माणूस कसा, यावर निकाल लागत गेला, असे आमचे मत आहे. पुढे 23 सप्टेंबर रोजी असईस निकराचे युद्ध झाले. तेथे मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले वा जायबंदी केले. उतारवयात वेलिंग्टन आपल्या सर्व लढायांत असईस श्रेष्ठ मानी, वॉटर्लूस नव्हे. आमच्या वेळच्या शालेय पुस्तकात मात्र या साऱ्यास एक ओळ होती.

आपला विद्यार्थी महाविद्यालयात असताना एस.टी.ने नगरास जात-येत असे. किल्ल्याच्या आत त्याने पाऊल टाकले नव्हते. नगरच्या पराभवाची खूण त्यास प्रथम दिसली ती लंडनमधील ताटांवर. हे वाचून आम्हांस वाईट वाटले, तरी त्याचा राग आला नाही. आपल्या किती कुटुंबांतील मुलांनी तो किल्ला पाहिला आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

आम्ही उत्तरात त्यास आणखी एक गोष्ट कळविली. 1912 मध्ये लंडनमध्ये बॅरिस्टर झालेला एक भारतीय विद्यार्थी पुढे याच किल्ल्यात राहिला. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात डांबले, त्यांत पंडित नेहरू होते. मार्च 1945 पर्यंत ते तेथे होते आणि ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला. मौलाना आझादही त्यांच्या सोबतीस होते. वेलस्लीने जिंकलेला किल्ला त्याच्या वंशजांच्या राज्यास अखेरीस तुरुंग म्हणून उपयोगी पडला.

त्यावर परवाच त्याचे दुसरे पत्र आले. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, तेव्हा नेहरूंची खोली पाहावयाची तर परवानगी कोणाकडे मागावी, असे त्याने विचारले आहे. दिवाळीस तो गावी येत आहे.