यवतची भाकरी, खुटबावचा रस्ता आणि आपली सायकल वारी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विषयही त्यांनीच सुचवला : आपल्या सोसायटीचा सायकल गट. येत्या ज्येष्ठात, पालख्या निघण्याआधी, हा गट हडपसरहून पंढरपूरला जाणार आहे आणि सध्या त्याची तयारी चालू आहे. मी काही इतिहासकार नव्हे. सगळी नोकरी बँकेत गेली, खतावण्या आणि ताळेबंद एवढंच आपलं वाचन. पण गट ज्या रस्त्यानं जाणार तो माझ्या खुटबाव गावाच्या जवळून जातो, आणि त्या रस्त्याला इतिहास आहे. तो तयारीच्या दिवसांत माहीत असावा म्हणून हा प्रपंच.

खुटबाव हे दौंड तालुक्यातलं गाव. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधलं स्टेशन. सोलापूर महामार्ग गावापासून थोडा दक्षिणेला राहतो. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, गुऱ्हाळं आली. माझ्या लहानपणी गावात मोटारसायकल दिसली की पोरं मागे पळायची. सायकल मात्र कामाची वस्तू होती. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून पहाटेच्या गाडीला स्टेशन गाठायचं ते सायकलवरून. बाजाराला केडगावला जायचं ते सायकलवरून. आमच्यासारखी पोरं तर आधी नळीखालून पाय घालून कैची शिकली आणि मग सीटवर बसली. ॲटलस आणि हिरो ही नावं घराघरांत होती. सोनीपतला ॲटलस १९५१ साली सुरू झाली, लुधियानात हिरो १९५६ साली. पण अशी सायकल घेणं म्हणजे एका हंगामाचा विचार असायचा. एक सायकल भावाभावांत फिरायची.

पुण्यात शिकायला आलो तेव्हा तर काय, शहरच सायकलींचं! सकाळी कारखान्यांचे भोंगे झाले की रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. तासावर भाड्यानं सायकल मिळायची. महापालिकेचा बिल्ला लावायचा, रात्री दिवा पाहिजे, डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. नव्या पिढीला ही गंमत पाहायची असेल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय जरूर पाहावं. आपल्या सोसायटीतही सुरुवातीच्या वर्षांत सायकल स्टँड गच्च भरलेला असे. आज तिथे चारचाकी उभ्या आहेत. ॲटलसचा शेवटचा कारखाना, साहिबाबादचा, ३ जून २०२० रोजी बंद झाला आणि योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता.

म्हणजे सायकल संपली का? नाही. कामाची सायकल कमी झाली आणि लांब पल्ल्याची सायकल आली. लांब पल्लाही आपल्याकडे नवा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जग पाहायला निघाले. सगळे एकाच क्लबचे, मुंबई वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. शरीर कमावलेलं होतं, एकमेकांची सवय होती. इराणचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १८ मार्च १९२८ रोजी ते परत आले तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. पण परत आले ते तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. बाकीचे तिघे वाटेत वेगळे झाले; कुणी अर्ध्यातून माघारी फिरला, कुणी अमेरिकेतच राहिला. मला या गोष्टीत ७१,००० या आकड्याइतकाच सहा आणि तीन हाही हिशेब महत्त्वाचा वाटतो. लांबच्या प्रवासात पाय थकतात ते थकतातच, पण गट टिकवणं त्याहून अवघड.

गट टिकवायचा कसा, याचं उत्तर युरोपातल्या लोकांनी नियमात बसवलं. १८९७ साली काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात गेले. त्यांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हे नाव पडलं. पुढे फ्रान्समध्ये त्याची पद्धत बसली : सगळ्यांनी एकत्र निघायचं, पुढे कॅप्टन, त्यानं ठरावीक वेग धरायचा आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. शर्यत नाहीच. नंतर ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं जायचा प्रकारही निघाला. आज आपल्याकडची मुलं ‘बीआरएम’ म्हणून करतात ती हीच : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिला कोण, दुसरा कोण हे तिथेही विचारत नाहीत.

एकट्यानं करायचं म्हटलं तरी माणसं लागतातच. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पुरी केली. पेपरात फोटो त्यांचे आले. पण दिवसरात्र मोटारीतून मागे राहून खायला घालणारी, नकाशा बघणारी, झोपेतून उठवणारी माणसं होती म्हणून ते झालं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. फ्रेंचांनी जो नियम केला तो खुटबावच्या माणसाला सांगावा लागत नाही, कारण तो दरवर्षी त्याच्या डोळ्यांसमोरून चालत जातो. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, असं मानलं जातं. देहूहून निघालेली ती पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पुढे जाते. यवतच्या मुक्कामी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते. घरोघरी भाकऱ्या भाजल्या जातात. आमच्या घरूनही टोपली जायची. दिंडी बघा कशी चालते! पुढे पताका, मध्ये वीणेकरी आणि टाळकरी, तुळशी-पाणी डोक्यावर घेतलेल्या बाया, सामानाचा ट्रक आधीच मुक्कामाला गेलेला. चाल सगळ्यांची एक. ऐंशी वर्षांची आजीबाई पंढरपूरला पोचते ती तिच्या पायांत तरुणाचं बळ असतं म्हणून नाही, तर दिंडी तिच्या चालीनं चालते म्हणून.

हीच गोष्ट सायकलवाल्यांनी उचलली. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूर सायकल वारी दहाहून अधिक वर्षं चालू आहे. पुणे-पिंपरी-चिंचवडकडूनही मोठे गट जातात. काही वाऱ्यांत सायकलींचं रिंगणही होतं.

आपल्या गटात सध्या वाद चालू आहे तो नेमका यावरूनच. तरुणांचं म्हणणं, एका दिवसात पंढरपूर गाठायचं. ज्यांना झेपत नाही त्यांनी टेम्पोतून यावं. ज्येष्ठांचं म्हणणं, दोन दिवस घ्या, पण सगळे चाकावर पोचू द्या. तरुणांची हौस मला समजते. पण एक दिवसाची मोहीम त्यांना एरवी बीआरएममध्ये करता येईल. सोसायटीची पंचविशी एकदाच येते. पहिल्या दिवशी इंदापूर, सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अकलूजवरून पंढरपूर, सत्तर-पंचाहत्तर. तासाला पंधराचा वेग धरला तरी जमतं.

मात्र तयारी पाहिजे, आणि ती रिकरिंग डिपॉझिटसारखी : दर आठवड्याला थोडी, न चुकता. शेवटच्या महिन्यात एकदम भरणा करून चालत नाही. आज वीस किलोमीटर होत असतील तर पुढच्या रविवारी बावीस-पंचवीस, असं वाढवत न्यावं. मधला टप्पा म्हणून खुटबाव उत्तम. हडपसरहून लोणी, उरुळी कांचन, यवत करून जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर भरतात. ही फेरी हसत झाली की इंदापूरची भीती जाते. चाळिशीपुढच्यांनी डॉक्टरांना दाखवून घ्यावं. सीटची उंची दुकानात नीट बसवून घ्यावी. निम्मी गुडघेदुखी तिथेच थांबते. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, भूक लागायच्या आधी खावं. गूळ-शेंगदाणे आणि केळी यांना तोड नाही. पंक्चर काढता येणारी दोन माणसं तरी गटात हवीत.

एक गोष्ट वाऱ्याची. ज्येष्ठात पश्चिमेचा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, रस्ताही एकंदरीत उताराचा. वाटतं, आपण फार दमदार झालो. परतताना तोच वारा छातीवर येतो. म्हणून खुटबावहून परतीची फेरी हीच खरी परीक्षा समजावी आणि पंढरपूरहून सायकली टेम्पोत घालून यावं. त्यात कमीपणा नाही. वारकरीही परतीला एसटीच पकडतो.

दुसरी गोष्ट जिवाची. आमच्या गावाकडचा एक दूधवाला पहाटेच्या अंधारात महामार्गावर मागून आलेल्या ट्रकखाली गेला. सायकलला मागे दिवा नव्हता. त्याची दोन मुलं माझ्याबरोबर शाळेत होती. तेव्हापासून रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेगही वाढला. म्हणून समितीला माझी विनंती आहे : मागचा लाल दिवा, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट नसेल त्याचं नाव यादीत घेऊ नका, मग तो समितीच्या अध्यक्षांचा मुलगा का असेना. ओळ एकेरी. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवेलागणीच्या आत मुक्काम. अठरा वर्षांखालच्या मुलांनी यवतपर्यंत पालकांसोबत यावं, तिथे पिठलं-भाकरी खाऊन गाडीनं परतावं.

आणि शेवटची सायकल कुणाची, हे निघण्याआधी ठरवा. सगळ्यात दमदार गड्याला मागे ठेवा. त्यानं मागे पडलेल्याला सोबत करायची आणि त्याच्या पुढे जायचं नाही. पुढे झेंडा घेऊन जायला पुष्कळ जण तयार होतील. मागे राहायला जो तयार होईल त्याला माझ्यातर्फे एक नवा मागचा दिवा बक्षीस.