पाच रस्त्यांचा हिशेब

आम्हा बँकेतल्या माणसांना आखलेल्या कागदाचं भारी प्रेम. त्यामुळे मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेला उतरलो की मला लेजरात शिरल्यासारखं वाटतं. उभे रस्ते, आडवे रस्ते, मधे इमारतींच्या नोंदी. नावंसुद्धा व्हाउचरवर शोभतील अशी : आर. आर. टी. रोड, आर. एच. बी. रोड!

हे आपोआप झालेलं नाही, बरं का. एरवी उपनगरात आधी म्हशी चालायच्या आणि मग त्यांच्याच वाटेवर रस्ता व्हायचा. मुलुंडला आधी पट्टी चालली. १९२२ साली क्राऊन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग चौकटीत आखला.

खरी गंमत आहे ती या पाच रस्त्याची. निव्वळ चौकटीत दोन रस्ते एकमेकांना छेदतात, फाटे होतात चार. पाचवा यायचा तर कुणालातरी तिरकं चालावंच लागतं. चौकट संपते, दुसरी भूमिती सुरू होते आणि दोघींची गाठ त्या चौकात पडते.

या तिरकेपणाचा खर्च येतो. ३६० भागिले ५, म्हणजे कोन सरासरी ७२ अंशांचा. काटकोनाला १८ अंशांची तूट! ती पडते कोपऱ्यावरच्या प्लॉटच्या नावे. अशा निमुळत्या जागेतल्या खोलीत कपाट एका भिंतीला टेकवावं तर दुसरीशी भांडतं, आणि मागच्या सांदीत गेलेला चेंडू थेट दिवाळीच्या साफसफाईला भेटतो.

लाँफाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १७९१ साली अमेरिकेची राजधानी आखताना चौकटीवर मुद्दाम तिरके हमरस्ते टाकले. तिथेही तिकोनी तुकडे उरले. त्यांतल्या कितीतरी तुकड्यांवर पुढे बागा झाल्या. उरलेली जागा कशी वापरायची, हाही हिशेबच.

आता मुलुंडात जुन्या बुटक्या इमारतींच्या जागी टॉवर आले. माणसं वाढली, गाड्या वाढल्या. रेघा मात्र शंभर वर्षांपूर्वीच्याच. चौकात रिक्षा अडकली की आतला प्रवासी आखणाऱ्याचा उद्धार करतो, "सरळ चार रस्ते करायला काय झालं होतं!"

पण त्याच प्रवाशाला पत्ता विचारा. सरळ, शहाण्या गल्ल्या एकीसारखी दुसरी. त्यांचं नाव तो घेतच नाही. म्हणतो, "पाच रस्त्याला या, आणि तिथून फोन करा."