तापीकाठची गावं का उठली?

प्रकाशाचा धडा घेताना एका मुलानं विचारलं, "सर, ती माणसं मेली का?"

तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. रंगवलेली मडकी, दगडाची पाती, थोडं तांबं. लोखंड नाही. इ.स.पूर्व १०००च्या सुमारास तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या अशा बहुतेक वस्त्या ओस पडल्या.

भीमेच्या खोऱ्यात माणसं आणखी तीनेकशे वर्षं तगली. कशी, ते घोड नदीवरच्या इनामगावात दिसतं. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकार वाढली. म. के. ढवळीकरांनी याचं कारण घटलेला पाऊस मानलं. सगळे संशोधक ते मानत नाहीत. मला मात्र पटतं. आमच्या नरडाण्यात पाऊस हुकला की सुरतेच्या गाडीला गर्दी होते आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. (हा पुरावा नाही, माहीत आहे.)

"संस्कृती नष्ट झाली" असं आपण सहज लिहितो. घर बदलणारा, हरणामागे धावणारा माणूस नष्ट कुठे झाला?

मी मुलाला म्हटलं, "मेली नसावीत बेटा, उठून गेली असावीत."

"अब्बांसारखी?"

मी हो म्हटलं. प्रकाशाला पुढे पुन्हा वस्ती झाली, पण ती लोखंड वापरणाऱ्यांची.