वसई पडली ती तारीख कोणती? जुने कागद आणि प्रोग्रॅमची परीक्षा

१/ खाडीच्या एका तीरावर भाईंदरचा धारावी किल्ला, पलीकडे वसईचा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत दोन्ही ठिकाणी रण पेटले. वसईच्या शरणागतीचा करार मे १७३९ मध्ये झाला. त्याची तारीख कुठे १६ मे आढळते, तर कुठे ५ मे. यात चूक कोणाचीच नाही.

२/ पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली. मुंबईचे इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणना पाळत. अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. म्हणून एकच शनिवार पोर्तुगीज गणनेने १६ मे, तर इंग्रजी गणनेने ५ मे ठरतो.

३/ अशा शेकडो तारखांचे रूपांतर आज संगणकावर होते. कमांड-लाइन प्रोग्रॅम तारखांची फाइल वाचतो आणि प्रत्येकीपुढे वार छापतो. धोका येथेच आहे. पायथॉनसारख्या भाषेतील तारखांची नेहमीची सोय ग्रेगोरियन गणनाच मागे ताणते. तिच्या लेखी ५ मे १७३९ हा मंगळवार. प्रोग्रॅम अडखळत नाही, तक्रारही करत नाही.

४/ यावर उपाय फिक्स्चर फाइलींचा. एका फाइलीत ठरलेल्या तारखा, दुसरीत त्यांची अपेक्षित उत्तरे. प्रोग्रॅमला पहिली फाइल द्यायची आणि त्याने छापलेला मजकूर ‘डिफ’ या आज्ञेने दुसरीशी ओळीओळीने ताडायचा. एका अक्षराचा फरक पडला तरी चाचणी नापास.

५/ मग अपेक्षित उत्तरे आणायची कोठून? येथे इतिहासाचे कागद कामी येतात. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तिची ज्युलियन तारीख. प्रोग्रॅमने ‘मंगळवार’ छापला, तर त्याने ती तारीख ग्रेगोरियन मानली हे तत्क्षणी कळते.

६/ दुसरी ओळ अधिक कठीण. राज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४, वार शनिवार. शकावली मात्र शुक्रवार सांगते, कारण तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनी बसले. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्याला तो शनिवार, सूर्योदयापासून मोजणाऱ्याला अजून शुक्रवारच. म्हणून फिक्स्चरमध्ये नुसती तारीख पुरत नाही. वेळ आणि दिवसारंभाचा नियमही लिहावा लागतो.

७/ तिसरी ओळ सीमेवरची. इंग्लंडमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. युनिक्समधील ‘कॅल’ ही जुनी आज्ञा त्या महिन्याचे पान ११ दिवस गाळूनच छापते. ३ ते १३ सप्टेंबरमधील एखादी तारीख इंग्रजी गणनेची म्हणून दिली, तर प्रोग्रॅमने वार न छापता चूक कळवली पाहिजे. चुकीचा संदेशही अपेक्षित उत्तरांच्या फाइलीत नोंदवायचा असतो.

८/ एक मोह मात्र टाळावा लागतो. चाचणी नापास झाली की प्रोग्रॅमचेच नवे उत्तर अपेक्षित फाइलीत उतरवणे सोपे असते. चाचणी लगेच उत्तीर्ण होते, पण तिला अर्थ उरत नाही. आरोपीच्या जबानीची नक्कल साक्षीदाराची म्हणून दाखल करावी, तसा हा प्रकार. अपेक्षित उत्तर प्रोग्रॅमबाहेरच्या पुराव्यावरून यावे आणि बदलायचे असल्यास कारण नोंदवून बदलावे.

९/ ही शिस्त संगणकाआधीची आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कोष्टकांनी कोरीव लेखांतील मित्या तपासता येतात. लेखात तिथीबरोबर वार असेल, तर गणिताने आलेला वार त्याच्याशी जुळतो का, हे पाहायचे. तिथी आणि वार या एकमेकांच्या साक्षी.

१०/ खाडीवरच्या त्या शनिवारी वसईच्या शरणागतीचा करार झाला. त्याला १६ मे म्हणावे की ५ मे, हे कागद कोणाच्या गणनेचा यावर ठरते. चाचणीच्या फाइलीत तारखेपुढे गणनेचे नाव लिहिले, तर दोन्ही ओळींचे उत्तर एकच येते : शनिवार.