घरगुती गीझरची वीजजोडणी : एम.सी.बी., आर.सी.सी.बी. आणि अर्थिंग

स्नानगृहातील गीझर हे घरात सर्वाधिक वीज ओढणाऱ्या उपकरणांपैकी एक होय. शिवाय ओल्या अंगाने आणि अनवाणी पायांनी आपण रोज ज्याच्या सान्निध्यात जातो, असे उपकरण त्याच्याखेरीज क्वचितच असेल. आपल्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे अद्याप जुन्या वाड्यांतून राहतात. तेथील वायरिंग दिवे व पंखे यांच्यापुरते झाले होते. गीझर मागाहून आले. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत. हे काम स्वतः करण्यासाठी ही माहिती नाही. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावे, असा नियम आहे. मात्र काम करवून घेताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे घरमालकास ठाऊक असले पाहिजे.

प्रथम थोडा हिशेब. आपल्या घरी वीज २३० व्होल्ट दाबाने येते. गीझरवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की तो किती अँपिअर ओढतो ते कळते. २००० वॅटचा साठवणीचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा झटपट पाणी तापवणारा गीझर १३ अँपिअर, तर ४५०० वॅटचा जवळजवळ २० अँपिअर ओढतो. यांपैकी कोणताही गीझर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवण्याजोगा नाही. आणि शेवटचा तर १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरही नाही, त्याला थेट जोडणीच हवी. गीझरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन असावी. २००० वॅटला २.५ चौरस मिलिमीटरची व त्याहून मोठ्या गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी. एम.सी.बी. पहिल्या दोहोंना १६ अँपिअरची, तिसऱ्याला २५ अँपिअरची पुरते.

एम.सी.बी. बसवली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. एम.सी.बी. वायरीचे रक्षण करते. वायरीला पेलवेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला, तर ती पडते व आग टळते. तिचे काम एवढेच. म्हणूनच १६ अँपिअरची एम.सी.बी. वारंवार पडते म्हणून त्या जागी ३२ ची बसवणे हा उपाय नव्हे. आतली वायर तीच राहिली, तर आता एम.सी.बी. पडण्याआधी वायर जळेल. जुन्या चिनीमातीच्या कटआउटमध्ये फ्यूज तारेचे चार पदर घालणारेही हेच करतात.

माणसाचा हिशेब निराळा आहे. ओल्या शरीराचा विरोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टचा धक्का बसताना ०.२३ अँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. काही क्षण टिकल्यास तो हृदय थांबवण्यास पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला मात्र त्याची दखलही घ्यावीशी वाटणार नाही.

या कामासाठी आर.सी.सी.बी. असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही, याची ती सतत तुलना करते. घरगुती वापराच्या आर.सी.सी.बी.त ही तूट ३० मिलिअँपिअरला पोचली की ती वीज तोडते. वर सांगितलेल्या ०.२३ अँपिअरच्या गळतीला तिने एका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात पडावे, अशी मानकाची अपेक्षा आहे. धक्का जाणवेल, परंतु टिकणार नाही. एकाच वेळी फेज व न्यूट्रल या दोहोंना हात लागला, तर मात्र ती काही करू शकत नाही. तसेच अधिक प्रवाहापासून वायरीला ती वाचवत नाही, त्यामुळे एम.सी.बी. हवीच, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारी आर.सी.बी.ओ. बसवावी. खरेदी करताना आय.एस. १२६४० हा मानक क्रमांक पाहावा.

अर्थिंग चांगले असताना हा खर्च कशाला, असे विचारले जाते. वाड्याच्या अंगणातील मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून त्याचा विरोध २० ओहम झाला आहे, असे समजा. गीझरची फेज वायर आत पत्र्याला टेकली, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एम.सी.बी. पडणारच नाही आणि गीझरचा पत्रा व नळ जिवंत राहतील. आर.सी.सी.बी.ला मात्र हा प्रवाह पडण्यासाठी पुरेसा आहे, आणि तोही कोणी नळाला हात लावण्यापूर्वी. अर्थिंगच नसेल, तर ती माणसाला धक्का बसल्यावरच पडेल. दोन्ही हवेत ते यासाठी.

अर्थची वायर आलेली नसल्यास काही कारागीर सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ यांची पिन जोडून देतात. हा प्रकार अतिशय घातक आहे. वाटेत न्यूट्रल कोठे सुटली, तर फेज कॉइलमधून थेट गीझरच्या पत्र्यावर येते. शिवाय गळती न्यूट्रलनेच परत जात असल्याने आर.सी.सी.बी.ला ती दिसत नाही. असे काम आढळल्यास ताबडतोब काढून टाकावे.

आर.सी.सी.बी.वरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहावे. मात्र हे बटण केवळ आतील यंत्रणा तपासते. घरात अर्थिंग नसले तरी ते चालते. अर्थिंगची तपासणी वेगळी करवून घ्यावी लागते.

गीझरचा स्विच फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डी.पी., असावा व तो स्नानगृहाबाहेर असावा. प्लग तापत असेल वा काळवंडला असेल, तर जोड सैल आहे. हा दोष एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. दोहोंनाही कळत नाही.

जुन्या घरात आर.सी.सी.बी. बसवताच ती पडू लागते व ‘हिचाच दोष’ म्हणून ती काढली जाते. बहुधा दोन लाइनींची न्यूट्रल एकत्र केलेली असते. ती वेगळी करावी. गीझर सुरू केल्यावरच ती पडत असेल, तर कॉइल तपासावी. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर थर बसतो, ती अधिक तापून तिचे आवरण तडकते व वीज पाण्यात उतरते. कॉइल बदलून मेगरने इन्सुलेशन तपासेपर्यंत गीझर बंद ठेवावा आणि स्नानाचे पाणी गॅसवर तापवावे.